कोंबडी झाल्याची घंटी

आमच्या खानावळीच्या स्वयंपाकघरात त्या सोमवारी सकाळी काय काय होतं, ते मी मोजलं. शेगड्या दोन. लोणारी कोळसा अठरा किलो. लोखंडी जाळ्या दोन, चिमटे तीन, त्यातला एक वाकडा. खोलीची लांबी तीन मीटर दहा सेंटिमीटर, रुंदी दोन मीटर साठ, उंची दोन मीटर चाळीस. खिडकी एक, साठ बाय पंचेचाळीस. तिच्यासमोर कोळशाचं एक पोतं, पातेल्यांची सात झाकणं आणि चार वर्षांपूर्वीचं कॅलेंडर. गेल्या एकोणीस वर्षांत खिडकी किती वेळा उघडली: शून्य. आत्या एक, वय छपन्न. आत्याच्या डोकेदुखीच्या गोळ्या, डबीत, सकाळी वीस. संध्याकाळी पुन्हा मोजल्या. अठरा.

हे सगळं मी वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. मी रसायनशास्त्रात पदवी घेतली आहे, तीही पहिल्या वर्गात, आणि सध्या पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरीला आहे. दिवसभर मी लोकांच्या विहिरींत काय काय विरघळलंय ते शोधते. मग स्वतःच्या घरातली एक खिडकी उघडायला मला कितीसा वेळ लागणार? मी जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आठ दिवसांत ती खिडकी उघडून दाखवते. लिहून ठेवा."

कुणी लिहून ठेवलं नाही, हे एका परीने बरंच झालं.

आधी आमची पद्धत सांगते, म्हणजे माझा राग तुम्हाला समजेल. आमच्याकडे कोंबडी कोळशावर भाजतात. आजोबांनी सुरू केलं, बाबा चालवतात, आणि भाजते आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण. निखारे मागच्या अंगणात पेटवतात. ते रसरशीत लाल झाले, धूर संपला, की दोघं दोन बाजूंनी धरून शेगडी आत आणतात, वर जाळी, जाळीवर कोंबडी, आणि दार ओढून घेतात. दुपारच्या जेवणासाठी असे तीन घाणे. खिडकी बंद, कारण वारा लागला की निखारे भडकतात, कोंबडी बाहेरून जळते आणि आतून कच्ची राहते. असं आजोबा म्हणायचे. आजोबा भाजायचे तेव्हा स्वयंपाकघराला छप्पर होतं पण चौथी भिंत नव्हती, ही बारीकशी गोष्ट बाबा विसरतात.

आणि रोज दुपारी आत्याचं डोकं दुखतं. घरातल्यांनी त्यावर भरपूर संशोधन केलेलं आहे. आधी ठरलं की चष्म्याचा नंबर बदलला असेल. मग चष्मा बदलला. तीनदा. आता आत्याकडे चार चष्मे आहेत: एक जवळचा, एक लांबचा आणि दोन डोकेदुखीचे. मग ठरलं की ती चहा जास्त पिते. मग ठरलं की ती चहा कमी पिते. शेवटी बाबांनी निष्कर्ष काढला की तो तिचा स्वभाव आहे.

"बाबा," मी म्हटलं, "तो तिचा स्वभाव नाही. तो कार्बन मोनॉक्साइड आहे."

"तो कोण?"

"कोळशातून निघणारा वायू. बंद खोलीत साठतो. रक्तात प्राणवायूची जागा अडवून बसतो."

बाबांनी गल्ल्याच्या खुर्चीतून मागे वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं. "धूर दिसतो का तुला कुठे?"

"धूर नसतोच त्याला. रंग नाही, वास नाही."

"रंग नाही, वास नाही, दिसत नाही. आणि आहे." बाबा समोर बसलेल्या वकिलांकडे वळले. हे वकील आमच्याकडे रोज जेवतात आणि त्याबद्दल रोज तक्रार करतात. "वकीलसाहेब, असा साक्षीदार कोर्टात चालेल का हो?"

"नाही चालणार," वकील हाडावरून मान वर न करता म्हणाले.

मी बाबांना आलेख काढून दाखवला. एका बाजूला कोळसा, एका बाजूला वेळ, वर चढत जाणारी रेघ. बाबांनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हा धंदा वाढतोय का?"

तेव्हा मी ठरवलं की आता बोलणं बंद. पुरावा. पहिल्या पगारातून मी वायूचा इशारा देणारं एक यंत्र आणलं. साबणाच्या डबीएवढं, पांढरं, त्यावर आकडा दिसतो, आणि हवेत वायू फार वेळ जास्त राहिला की कानठळ्या बसतील अशी घंटी वाजते. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे किती भाग, ते तो आकडा सांगतो. मंगळवारी सकाळी मी ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर, आत्याच्या डोक्याच्या उंचीला, दोन स्क्रूंनी बसवलं. मला कामावर जायला उशीर होत होता. आत्या कोंबड्यांना मीठ चोळत होती.

"हे काय गं?"

"मशीन आहे. हात लावू नकोस. हे कधी चुकत नाही."

एवढंच बोलले मी. बरोबर आलेलं माहितीपत्रक फळीवर मिठाच्या बरणीखाली ठेवलं आणि गेले. हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते पुढे बरेच दिवस ऐकवलं गेलं.

माझा अंदाज असा होता: घंटी वाजेल, आत्या घाबरेल, बाबा धावत येतील, खिडकी उघडेल. तीन दिवस मी कामावर विहिरींचं पाणी गाळत फोनची वाट पाहिली. फोन आला नाही. चौथ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले, तर खानावळीबाहेर माणसं उभी. मी धावत पुढे गेले. मग पाहिलं, तर ती जागा मिळायची वाट पाहत होती.

बाबांनी मला पाहिलं आणि गल्ल्यावरून उठून आले. माझ्या पदवीच्या दिवशीही ते उठले नव्हते. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "शास्त्रज्ञबाई, मानलं तुम्हाला. शिक्षणाचा असा उपयोग असतो हे मला आधी सांगायचं ना."

"वाजली घंटी?"

"वाजली म्हणजे? रोज तीनदा. एकदम टायमाला."

मला काही कळेना. मी आत गेले. दार ओढलेलं होतं, ते ढकललं. आत्या जाळीसमोर उभी, कपाळावर ओला फडका, नजर यंत्रावर. आकडा होता १२६. आणि त्याच क्षणी घंटी वाजली. आत्याने शांतपणे वाकड्या चिमट्याचं टोक यंत्राच्या बटणावर टेकवलं, घंटी बंद झाली, आणि तिने सरळ चिमट्याने कोंबड्या भराभर परातीत काढायला सुरुवात केली. सोनेरी. एकही डाग नाही.

"बघ," ती म्हणाली. "तुझ्या बापाने घड्याळ लावून पाहिलं. चौतीस मिनिटं लागतात, आणि चौतिसाव्या मिनिटाला वाजतं. ना एक मिनिट इकडे ना तिकडे. हुशार आहे गं तुझं मशीन."

इथे मला शाळेबद्दल सांगायला हवं. आमच्या समोर शाळा होती. आत्याने आयुष्यात कधी घड्याळ पाहून कोंबडी भाजली नाही. ती शाळेच्या घंटेवर भाजायची. एका तासाच्या घंटेला जाळीवर, पुढच्या तासाच्या घंटेला खाली. एकोणीस वर्षं. सुट्ट्यांमध्ये आमची खानावळसुद्धा बंद असायची, ती यामुळे. महिन्यापूर्वी शाळा मोठ्या इमारतीत गेली, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. तेव्हापासून आमच्या कोंबडीचा काही भरवसा राहिला नव्हता. कधी काळी, कधी गुलाबी. आत्या मधेच जाळीपाशी थबकायची आणि कान द्यायची. बाबा चिडायचे. घरातल्या दोघांनाही एका घंटेची नितांत गरज होती, आणि त्याच महिन्यात मी, पहिल्या वर्गात पदवी घेतलेली मुलगी, भिंतीवर एक घंटी लावून "ही कधी चुकत नाही" असं सांगून निघून गेले होते.

मी संतापले. आधी आत्याला दंडाला धरून अंगणात आणलं, मग बाबांना बोलावलं, आणि ती घंटी विषाची आहे हे सांगायला लागले. ओरडूनच सांगितलं.

बाबांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "विषाची घंटी आहे?"

"हो."

"मग विष बरोबर कोंबडी झाल्यावरच कसं येतं?"

याला उत्तर आहे. निखारे तेवढेच, खोली तेवढीच, खिडकी रोज तितकीच बंद, म्हणून वायू रोज त्याच वेगाने साठतो, आणि योगायोगाने कोंबडीलाही तेवढाच वेळ लागतो. उत्तर बरोबर आहे. फक्त ते लांब आहे. ते सांगून होईपर्यंत बाबा परत गल्ल्यावर गेले होते आणि आत्या दुसरा घाणा चढवायला. वकिलांनी तेवढ्यात मत दिलं, "कोंबडी उत्तम आहे. तक्रारीला जागा नाही." त्यांच्या तोंडून हे वाक्य निघाल्यावर बाबांना कुठल्याही शास्त्राची गरज उरली नाही.

त्या संध्याकाळी डबीत गोळ्या दहा होत्या.

आता विचार करा. माझा संताप कुणावर होता? बाबांवर होता, ते उघड आहे. वकिलांवर होता. समोरून निघून गेलेल्या शाळेवरसुद्धा होता. नाक्यावरचा दुसरा भट्टीवाला रविवारी येऊन "ती कोंबडीची घंटी कुठे मिळते हो" असं विचारून गेला, तेव्हा मला वाटलं की आता पाटा उचलून कुणाच्या तरी डोक्यात घालावा. पण पाटा मोकळा नव्हता.

म्हणून मी गुपचूप कारवाई केली. पुढच्या गुरुवारी बाबा भल्या सकाळी बाजारात गेले असताना मी पोतं बाजूला ओढलं, झाकणं उतरवली, कॅलेंडर फाडलं, आणि पहारीने खिडकी उघडली. बिजागऱ्या किंचाळल्या. त्या जागेत मी हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला, कामावरच्या वायरमनकडून शिकून घेतलं होतं, आणि चालू केला. दारातून ताजी हवा आत येताना मला पायांवर जाणवली. मी यंत्राकडे पाहत उभी राहिले. पहिला घाणा चढला. आकडा ९, मग १४, मग १८. आणि तिथेच थांबला. मला इतका आनंद झाला की घंटी आता वाजणार नाही हे आत्याला न सांगता मी तशीच कामावर निघून गेले.

हो. दुसऱ्यांदा.

दुपारी एक वाजता फोन आला. बाबांचा आवाज असा होता, जसा पातेल्याचं बूड खरवडताना येतो. "घरी ये."

परातीत बावीस कोंबड्या होत्या. म्हणजे त्या बावीस आहेत हे मोजून कळलं, बघून नाही. बघून तो कालचा कोळसा वाटत होता. शेगडीत कोळसा, जाळीवर कोळसा, मधे फक्त जाळी, म्हणून काय कुठलं ते ओळखता येत होतं.

"वाजलंच नाही," आत्या म्हणाली. ती उंबऱ्यावर बसली होती. "मी वाट पाहत राहिले."

"अगं, पण तुला दिसत नव्हतं का त्या काळ्या पडतायत ते?"

"दिसत होतं की. पण म्हटलं, मशीन शास्त्राचं. मी कोण? तूच म्हणालीस, हे कधी चुकत नाही."

वकील त्या दिवशी ब्रेड आणि कांदा खाऊन गेले आणि जाताना म्हणाले की याविरुद्ध दाद मागण्याचा त्यांचा हक्क ते राखून ठेवत आहेत.

बाबांनी यंत्र भिंतीवरून काढलं आणि आजारी लेकराला दवाखान्यात न्यावं तसं छातीशी धरून शेजारच्या घड्याळजींकडे नेलं. घड्याळजी म्हणजे शेजारच्या गाळ्यात घड्याळं दुरुस्त करणारे काका. डोळ्याला भिंग, बोलणं कमी. मीही मागोमाग गेले.

"बिघडलंय," बाबा म्हणाले. "वाजत नाही."

घड्याळजींनी ते उघडलं. भिंगातून पाहिलं. उलटं केलं, सुलटं केलं, पुन्हा बंद केलं. "यात काटा नाही," ते म्हणाले. "चावी नाही, चक्र नाही. हे घड्याळ नाही."

"मग ते वेळेवर वाजत कसं होतं?"

"ते मला विचारू नका. ज्या खोलीत वाजत होतं त्या खोलीला विचारा. काय बदललं तिथे?"

मी मनात म्हटलं, झालं. आता कळलं. एका भिंगवाल्या माणसाने दोन मिनिटांत सांगितलं, जे मी दोन आठवडे आलेख काढून सांगत होते. बाबांच्या चेहऱ्यावर खरोखरच काहीतरी उजाडलं. ते घरी आले, थेट स्वयंपाकघरात गेले, पंख्याकडे बघितलं. "हे बदललं," ते म्हणाले. आणि त्यांनी पंखा काढला, खिडकी लावली, पोतं परत जागेवर ढकललं आणि वर सातही झाकणं रचली.

संध्याकाळी मुद्दाम लावलेल्या एका घाण्याला घंटी चौतिसाव्या मिनिटाला वाजली. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू एक किचकट प्रयोग त्यांनी एकट्याने यशस्वी केला होता. आणि खरं सांगायचं तर तो प्रयोग म्हणून निर्दोष होता. एकच गोष्ट बदलली, परिणाम पाहिला. फक्त निष्कर्ष उलटा होता.

"बाबा, तुम्ही विष भरेपर्यंत खोली बंद करून ठेवताय."

"मी घंटी वाजेपर्यंत ठेवतोय."

"तेच ते!"

"मग त्यात रागवायचं काय?"

मी वर जाऊन दार आपटलं. ते नीट आपटलं गेलं नाही, कारण त्याला पायपुसणं अडकलं.

आता नाव झालं होतं, गर्दी वाढली होती, म्हणून सोमवारी बाबांनी तिसरी शेगडी आणली. मला ती दिसली सकाळी अंगणात, नवी कोरी. मी म्हटलं, "ती आत नेऊ नका. हात जोडते." बाबा म्हणाले, "घंटी आहे ना आता, काळजी कसली?" माझी बस सुटत होती. मी कामावर गेले, पण मन लागेना. पाण्याचा एक नमुना सांडला, दुसऱ्यावर चुकीची चिठ्ठी चिकटवली. साडेअकराला मी साहेबांना काय सांगितलं ते मला आठवत नाही. मी निघाले.

खानावळीत शिरले तेव्हा वकील उभे होते आणि त्यांच्या हातात कोंबडीची तंगडी होती. "ही," ते बाबांना सांगत होते, "अजून पळू शकते."

सगळ्या टेबलांवर तेच. बाहेरून जेमतेम पिवळी, आतून गुलाबी. बाबा एकेक ताट परत घेत होते. "आज लवकर वाजली," ते म्हणत होते. "बाराव्या मिनिटाला वाजली. ताईने काढल्या लगेच. काय झालंय त्या घंटीला कळत नाही."

मला कळलं. मी दाराकडे धावले.

तीन शेगड्या. आकडा २३१. घंटी वाजत होती आणि कुणी ती बंद करत नव्हतं. आत्या कांद्याच्या पोत्यावर बसली होती, भिंतीला डोकं टेकून. समोर फरशीवर तिला उलटी झाली होती. वाकडा चिमटा हातात होता, आणि ती तो बटणाकडे उचलायला बघत होती, पण हात अर्ध्यात येऊन परत खाली जात होता.

मी तिला काखेत हात घालून बाहेर ओढली. जड आहे ती. अंगणात आणून बसवली, मोकळ्या हवेत.

"कोंबडी," ती म्हणाली.

"मरू दे कोंबडी."

"मेलेलीच आहे ती," आत्या म्हणाली, आणि पुन्हा डोळे मिटले.

बाबा मागे येऊन उभे होते. हातात परत आलेली तीन ताटं होती. "ताई," ते म्हणाले. "ताई, काय होतंय?" ताटं कुठे ठेवावीत ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी ती अंगणातल्या दोरीवर ठेवायचा प्रयत्न केला. तिन्ही पडली.

दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. रिक्षाने नेलं. डॉक्टरीणबाईंनी आधी मला विचारलं काय झालं, मी सांगितलं, आकड्यासकट. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. आत्याला प्राणवायूचा मुखवटा लावला, रक्त काढून घेतलं, आणि मग बाबांकडे वळल्या.

"किती वर्षं भाजतात या?"

"एकोणीस."

"खिडकी?"

"आहे एक."

"उघडता?"

बाबा म्हणाले, "पण आमच्या कोळशाला धूर नसतो, डॉक्टर. आम्ही बाहेर लाल करून आणतो."

"म्हणूनच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "धूर असता तर डोळ्यांत गेला असता. त्या कधीच बाहेर पळाल्या असत्या."

हे वाक्य माझं असायला हवं होतं. मी तीन आलेख काढले, आणि हे मला सुचलं नाही.

बाबा बाहेर बाकावर जाऊन बसले. मी आत्याच्या पलंगाशी. तासाभराने तिच्या चेहऱ्यावर रंग आला. तिने मुखवटा थोडा उचलला.

"घंटी वाजली का?"

"आत्या, ती घंटी कोंबडीची नाही."

"मग?"

मी सांगितलं. पाच मिनिटं लागली. आलेख नव्हता, वही घरी राहिली होती. ती वाजते म्हणजे खोलीतली हवा खराब झाली, आता तिथे थांबायचं नाही, एवढंच होतं सांगायला. रोज दुपारी दुखतं ते डोकं त्यामुळेच, हेही सांगितलं. तिने मुखवट्यातून दोन श्वास घेतले, मग तो पुन्हा उचलला.

"म्हणजे रोज तीनदा ते मला सांगत होतं, बाहेर जा?"

"हो."

"आणि मी चिमट्याने त्याचं तोंड बंद करत होते."

"हो."

"तुझ्या बापाला सांगितलंस?"

"तीनदा. आलेख काढून."

"शेगडीपाशी कोण उभं असतं? तो की मी?"

मी मुखवट्याची नळी सरळ केली.

"चार चष्मे आहेत माझ्याकडे, पोरी," आत्या म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण मी इतक्या रागाने बोलणारं माणूस तोपर्यंत पाहिलं नव्हतं. "चार. एकोणीस वर्षं मी या घरात ऐकतेय की माझा स्वभाव वाईट आहे. मलाही तेच वाटायला लागलं होतं. आणि तू मशीन लावून मला काय सांगितलंस? हात लावू नकोस."

मी दोन आठवडे सगळ्यांवर संतापत होते. त्या यादीत एक नाव राहून गेलं होतं, ते त्या दिवशी मी घातलं.

आत्या दुसऱ्या दिवशी घरी आली आणि अंगणात खुर्ची टाकून बसली. "ती भिंत फोडा, नाहीतर खिडकी उघडा," ती बाबांना म्हणाली. "तोवर मी त्या खोलीत पाय ठेवणार नाही. तू भाज, बाळ्या."

बाबा पंचावन्न वर्षांचे आहेत. त्यांना बाळ्या म्हणणारं जगात एकच माणूस आहे, आणि ते नाव ती फक्त ठेवणीतल्या रागासाठी वापरते. बाबांनी एक दिवस भाजून पाहिलं. अर्ध्या तासाने ते बाहेर आले, डोकं दोन्ही हातांत धरून, आणि विहिरीत पडून वर आलेल्या माणसासारखे अंगणात उभे राहिले. आत्याने फक्त आपल्या चार चष्म्यांपैकी एक पुढे केला.

बुधवारी सकाळी आठ वाजता पहारीचा आवाज आला. मी खाली गेले. बाबांनी खिडकी उघडली नव्हती, चौकटीसकट उपटली होती. पोतं अंगणात, झाकणं अंगणात, तिसरी शेगडी अंगणात. माझा पंखा ते स्वतः बसवत होते, उलटा. मी तो सुलटा करून दिला.

तेवढ्यात वकील न्याहारीला आले. "काय हे? तोडफोड?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "घंटी लवकर वाजत होती. कोंबडी कच्ची राहत होती. म्हणून उघडली."

आत्याने खुर्चीतून त्यांच्याकडे पाहिलं. "कोंबडीसाठी?"

"मग काय," बाबा म्हणाले, आणि खिडकीच्या भोकातून बाहेर बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. "गिऱ्हाईक तक्रार करतं."

"बरं," आत्या म्हणाली. "कोंबडीचं भलं झालं. तिच्या मागे मलाही मिळेल थोडी हवा." आणि उठून आत गेली.

मी घड्याळजींकडे गेले आणि एक घंटा वाजणारं घड्याळ मागितलं, ज्यात काटा, चावी आणि चक्र असेल. त्यांनी भिंग न काढता मागच्या फळीवरून एक काढून दिलं. आधीच पुसून ठेवलेलं होतं.

"शाळा गेली त्या दिवसापासून ठेवलंय," ते म्हणाले. "तुमच्या आत्यांना लागणार हे दिसत होतं. पण कुणी विचारायला आलं नाही."

मी ते घड्याळ चौतीस मिनिटांवर लावून दिलं. यंत्र परत भिंतीवर बसवलं. या वेळी ते कशासाठी आहे ते आधी आत्याला सांगितलं, मग स्क्रू पिळले. मग मी वही काढली.

बुधवार, दुपारी बारा ते तीन. शेगड्या आत दोन, बाहेर एक. खिडकी उघडी, पंखा चालू. यंत्रावरचा सर्वांत मोठा आकडा ११. यंत्राची घंटी किती वेळा वाजली: शून्य. घड्याळाची: तीन. उघड्या खिडकीशी चौतीस मिनिटं जुळत नाहीत. भाजलेल्या कोंबड्या एकोणीस, त्यांपैकी करपलेल्या चौदा. वकिलांच्या तक्रारी पाच. मधे एकदा पुन्हा भरलेल्या डबीत गोळ्या सकाळी सात, संध्याकाळी सहा. ती एक बाबांनी घेतली.